ओल्ड फेथफुल इनचं बुकिंग ‘नावावर करून देणाऱ्यां’पासून सावध राहा

या हॉटेलच्या खोट्या बुकिंगमध्ये माझे १,४३६ डॉलर गेले. दोन खोल्यांचे दोन रात्रींचे १,१८६ आणि वर ‘नाव बदलायची अनामत’ म्हणून २५०. पैशांपेक्षाही, साताऱ्याहून आलेल्या आईबाबांना काउंटरवर ‘या नंबरचं बुकिंगच नाही’ हे ऐकावं लागलं, त्याचा संताप अजून जात नाही.

बाबा पीडब्ल्यूडीतले निवृत्त इंजिनिअर. अमेरिकेतल्या येलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये १९०४ साली रॉबर्ट रीमरने ओंडक्यांची उभी केलेली ही इन, तिची ७६ फूट उंच लॉबी, ५०० टन दगडाची शेकोटी, १९८८ च्या वणव्यातून ती कशी वाचली, सगळं त्यांना तोंडपाठ. तिथे एक रात्र तरी राहायचंच, हा हट्ट. उन्हाळ्यातल्या खोल्यांचं बुकिंग वर्षभर आधीच सुरू होतं आणि भराभर संपतं. आमच्या हातात तेव्हा आईबाबांचा व्हिसासुद्धा नव्हता. मग इथल्या भारतीयांच्या ग्रुपवर ‘आमचा बेत रद्द झालाय, बुकिंग घ्या’ अशी पोस्ट दिसली, तर कोण विचारणार नाही?

तो माणूस मराठीत बोलला. ‘ताई, तुम्ही सातारच्या? माझं आजोळ कराडचं.’ आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, खालच्या मजल्यावरची खोली देतो म्हणाला. असं बोलणाऱ्यावर संशय कसा घ्यायचा?

पण व्हाउचरवर लिहिलं होतं: ‘एसी, टीव्ही, मोफत वायफाय.’ तिथेच थांबायला हवं होतं. इनच्या खोल्यांत यातलं काहीही नाही. जुन्या भागातल्या कित्येक खोल्यांना स्वतःचं बाथरूमसुद्धा नाही. हे मला माहीत होतं! बाबांनीच वाचून दाखवलं होतं. तरी मनात आलं, नंतर बांधलेल्या विंगमध्ये सोय केली असेल. ती ओळ आठवली की आजही अंगाची आग होते.

मी चौकशी केली नाही असंही नाही. व्हाउचरवरच्या नंबरवर फोन केला. बाईने अदबीने बुकिंग ‘कन्फर्म’ केलं. ती त्याचीच माणसं होती, हे मला फोनवर कसं कळणार? नंबर व्हाउचरवरून कधीही घेऊ नका, अधिकृत साइटवरून स्वतः शोधा. पार्कच्या आतली सगळी हॉटेलं एकच कंपनी चालवते, झँटेरा. बाकी कुणी खोली विकत असेल तर तिथेच फोन ठेवा.

त्या रात्री पार्कमध्ये एकही खोली शिल्लक नव्हती. अंधारात ३० मैल वेस्ट येलोस्टोनला गेलो, मोटेलला आणखी ३८९ डॉलर मोजले. आई वाटेत एक शब्द बोलली नाही.

आता तक्रारीचं ऐका. बँक म्हणते, तुम्ही स्वतः ॲपमधून पैसे पाठवलेत, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला. संमती खोलीसाठी होती, चोरीसाठी नव्हती! क्रेडिट कार्ड असतं तर निदान वाद घालता आला असता, म्हणून अनोळखी माणसाला थेट ट्रान्सफर करूच नका. आमच्या गावच्या पोलिसांनी सांगितलं, माणूस कुठला माहीत नाही, हद्द आमची नाही, सरकारी पोर्टलवर भरा. पोर्टलवर भरलं, तर एक ठरावीक ईमेल आला आणि पुढे शांतता. पुन्हा बँकेत गेले, तर पोलिसांचा रिपोर्ट आणा म्हणाले. पोलिस रिपोर्ट देईनात. सगळं कागदावर आहे: खातं, फोन नंबर, चॅट. कुणाला बघायचंच नाही. ग्रुपच्या ॲडमिनने तर ‘वाद नको’ म्हणून माझीच पोस्ट काढली, त्याची मात्र ठेवली.

रद्द झालेल्या खोल्या अधिकृत साइटवर परत येतात, रोज बघत राहा. आणि लॉबी बघायला खोली लागतच नाही, ती सगळ्यांना उघडी असते. दुसऱ्या दिवशी बाबा तिथे तासभर मान वर करून ओंडक्यांचे सांधे बघत होते.

तोच माणूस आता दुसऱ्या नावाने ग्रँड कॅन्यनच्या एल तोवार हॉटेलच्या खोल्या विकतोय. भाषा तीच, ‘ताई’ही तेच, फक्त आजोळ आता सांगलीचं झालंय. कुणाला असा मेसेज आला असेल तर पैसे पाठवू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि मला कळवा. तक्रार एकत्र करू.