नाशिकमध्ये मेस लावू, डबा लावू की रूमवर बनवू? आधी हिशोब करा मग ठरवा

ॲडमिशन झाली, कॉट बेसिसवर (खाटेमागे भाडं) रूम मिळाली, की पुढचा प्रश्न जेवणाचा. कॉलेज रोड, गंगापूर रोड, पंचवटी साईडला ऑप्शन भरपूर, महिरावणी किंवा आडगावकडे कॉलेज असेल तर कमी. पण सगळी पोरं फक्त महिन्याचा रेट विचारतात आणि तिथेच गंडतात, कारण मेसचा रेट म्हणजे जेवणाचा खर्च नाही.

गणितासाठी दोन वेळची मेस 3000 धरू, तुमच्या गल्लीत कमी-जास्त असेल. तीस दिवसांची साठ जेवणं, पण रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणजे राहिली 56. आता तुम्ही सिन्नर, निफाड, कळवणचे असाल आणि शनिवारी दुपारी जेवून एसटी पकडून सोमवारी सकाळी परत येत असाल तर शनिवार रात्र आणि रविवार दुपारही गेली, उरली 48. म्हणजे 53-54 चं ताट साडेबासष्टला पडलं. आणि खाडे, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा होणं? बऱ्याच ठिकाणी सलग तीन दिवस सुट्टी असेल तरच खाडा धरतात, शनिवार-रविवारचा धरतच नाहीत, त्यामुळे दर आठवड्याला घरी जाणाऱ्याला मेस महाग आणि धुळे-नंदुरबारहून आलेल्याला, जो दिवाळीलाच घरी जातो, त्याला तीच मेस परवडते. शेजारच्या कॉटवरचा काय म्हणतो यावर ठरवू नका, त्याचं गाव कुठलं ते बघा.

त्यात मेस रात्री आठला उघडते आणि प्रॅक्टिकल साडेचार-पाचला सुटतं, मधल्या तीन तासात भूक कुठे जाणार, टपरीवर. चहा-वडापावचे रोज 40 धरले तरी 26 दिवसांचे 1040. रविवार रात्रीचं बाहेरचं जेवण वेगळं, आणि रविवारी सकाळी मिसळ, ती तर नाशिकमध्ये राहून टाळता येत नाही, तो खर्च मी हिशोबात घेतलेलाच नाही, तो धर्म आहे. तर 3000 ची मेस सव्वाचार-साडेचार हजाराला जाते आणि घरी सांगताना आपण तीनच हजार सांगतो.

डबा लावला तर रेट मेसच्याच आसपास, वर पोचवायचे पैसे. फायदा एवढाच की पोर्शन ठरलेला, गर्दी नाही, आणि ज्या मुलींच्या पीजीचं गेट रात्री लवकर बंद होतं त्यांना धावपळ करावी लागत नाही. तोटा म्हणजे सकाळी अकराला आलेला डबा दोनला उघडला की पोळीच्या कडा कडक आणि भाजीचं तेल पोळीच्या डब्यात. अनलिमिटेड नाही हे पण लक्षात ठेवा, ज्याला सहा पोळ्या लागतात त्याने डब्याच्या नादी लागू नये.

आता अंगाला काय लागतं ते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हिशोबाने मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे 55 किलोच्या पोराला 46 च्या आसपास. मेसच्या दोन वेळच्या आठ पोळ्यांतून साधारण 22 येतात, भातातून आठ, आणि ते जे वरण म्हणून वाढतात, वाटी हलवली की तळाला पिवळा गाळ आणि वर हिंगाचं पाणी, त्यात वाटीमागे 20 ग्रॅम कच्ची डाळ धरली तरी दोन वाट्यांचे नऊ. भाजीचे दोन-तीन टाका, बेरीज चाळीसच्या जरा वर. म्हणजे 46 ला चार-पाच कमीच. रोज दोन अंडी खाल्ली तर 12 वाढतात, अंडं चालत नसेल तर मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांचे सात-आठ. प्रोटीन पावडरच्या डब्याची काही गरज नाही.

खरा फेल होतो तो भाजी आणि फळांत. आयसीएमआरच्याच 2024 च्या आहार मार्गदर्शक सूचनांमध्ये 2000 कॅलरीच्या ताटाला दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं सांगितलीत, मेसमध्ये सोमवारी बटाटा, मंगळवारी बटाटा-वांगं, बुधवारी फ्लॉवर-बटाटा. आणि हे कुठे, तर नाशिकमध्ये, जिथे हिवाळ्यात मेथी-कोथिंबीर मातीमोल होते आणि जानेवारीपासून द्राक्षांचे सुटे मणी स्वस्तात मिळतात. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात एकदा पिशवी घेऊन जा. काकडी, गाजर, टोमॅटो, पेरू, याला ना गॅस लागतो ना रूममालकाची परवानगी.

रूमवर बनवायचं तर एकट्याने भानगडीत पडू नका, तिघं हवेत. तिघांत गॅस-किराणा धरून माणशी दोन हजाराच्या आत-बाहेर निघतं, पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, इंडक्शन वापरणार असाल तर लाइटबिलाचं आधी बोलून घ्या नाहीतर महिनाअखेर मालक दारात. खिचडी सगळ्यांना जमते, डाळ-तांदूळ, मूठभर शेंगदाणे, मेथी हाताने तोडून टाकली की तीन शिट्ट्यांत जेवण, आणि खानदेशी पोरगं रूममध्ये असेल तर वरून तेल-तिखट पण मिळतं. पोळ्या मात्र पोळी-भाजी केंद्रातून आणा, कणीक मळण्यात सेमिस्टर जातं. भांडण जेवणावरून होत नाही, कुकर कोण घासणार यावरून होतं. सबमिशनच्या आठवड्यात तो कुकर दोन दिवस भिजत पडतो आणि तिघं बाहेर जेवतात, ते पैसे पण याच खात्यात धरा.

स्वाधार (अनुसूचित जाती व नवबौद्ध) किंवा स्वयंम (अनुसूचित जमाती) या सरकारी वसतिगृह न मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या योजनेत बसत असाल तर नाशिकला वर्षाचे 51,000 धरलेत, त्यातले भोजनाचे 28,000, दहा महिन्यांत वाटले की महिना 2800. यात नुसती मेसही बसत नाही, आणि हप्ता खात्यात पडेपर्यंत मेसवाला थांबत नाही, म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांचे पैसे हाताशी ठेवा.

माझं मत विचाराल तर पहिला महिना दोन वेळची मेस, ओळखीपाळखी तिथेच होतात, नवीन गावात एकट्याने जेवणं लय वाईट. मग दुपारची एक वेळ ठेवा, रात्री रूमवर खिचडी-अंडी, आणि संध्याकाळी पाचला खायला बॅगेत शेंगदाणे-गूळ. घरी जाणाऱ्याने महिन्याच्या रेटऐवजी कूपनवाली मेस शोधावी, जेवढं जेवाल तेवढंच कूपन फाटतं. आणि मेसच्या ट्रायलला रविवारी दुपारी जाऊ नका, त्या दिवशी सगळेच गुलाबजाम वाढतात, मंगळवारी रात्री साडेनऊला जा.