किम ह्येसून वाचायची तर आधी कुठलं पुस्तक घ्यावं?

हान कांगला २०२४ चं नोबेल मिळाल्यापासून आपल्याकडे कोरियन कादंबऱ्या वाचणारे वाढलेत, पण कवितेकडे वळायचं म्हटलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. माझं सरळ मत, किम ह्येसूनपासून करा. मग पुढचा प्रश्न, बाईंची दोन गाजलेली पुस्तकं आहेत, 'ऑटोबायोग्राफी ऑफ डेथ' आणि 'फँटम पेन विंग्ज', त्यातलं आधी कुठलं? दोन्ही इंग्रजीत डॉन मी चोईनेच आणलीत, प्रकाशकही एकच, न्यू डिरेक्शन्स, दोन्हींना मोठे पुरस्कार आणि दोन्हींत मरण, त्यामुळे वरवर बघितलं तर एकाच माळेतली वाटतात. वाचताना मात्र ती फार वेगळी लागतात.

बाईंचं थोडं सांगते कारण त्याशिवाय कवितेतला राग कुठून येतो ते कळणार नाही. १९५५ चा जन्म, उल्जिन गावचा. १९७९ ला कवी म्हणून पहिल्यांदा छापून आल्या, त्याच वर्षी दक्षिण कोरियाचा हुकूमशहा पार्क चुंग-हीचा खून झाला आणि पुढच्या मे महिन्यात ग्वांगजू शहरात लष्कराने लोकांवर गोळ्या घातल्या. पुस्तकं आधी सेन्सॉरकडे जायची असा तो काळ. बाई प्रकाशनात संपादनाचं काम करायच्या, तिथे एका अनुवादकाचा ठावठिकाणा सांगितला नाही म्हणून पोलिसांच्या सात थपडा खाल्ल्या, आणि घरी येऊन दर थपडेमागे एक कविता लिहिली. पुढे सोलच्या कला महाविद्यालयात कितीतरी वर्षं लिहायला शिकवलं. कवी किम सू-यंगच्या नावाचा पुरस्कार मिळालेली पहिली बाई त्याच, १९९७ साली. तोवर तो फक्त पुरुषांनाच जात होता, यावरून तिथलं वातावरण कळतं.

आता पुस्तकं. 'ऑटोबायोग्राफी ऑफ डेथ' कोरियनमधे २०१६ ला आलं, इंग्रजीत २०१८ ला, आणि २०१९ ला त्याला कॅनडाचं ग्रिफिन पारितोषिक मिळालं. यात ४९ कविता आहेत, एका दिवसाची एक. माणूस गेल्यावर पुढचा जन्म मिळेपर्यंत ४९ दिवस जीव मधेच भटकतो अशी कोरियन बौद्धांची श्रद्धा, दर सात दिवसांनी विधी करतात. (ही कल्पना आपल्याच भागातून तिकडे गेली, बौद्ध आचार्य वसुबंधूच्या अभिधर्मकोशात अंतराभवाची, म्हणजे मरण आणि पुढचा जन्म यांमधल्या अवस्थेची, चर्चा आहे.) पहिल्या दिवशी एक बाई कामावर जाताना मेट्रोत मरते आणि स्वतःचंच शरीर बाहेरून बघते. तिथपासून शेवटच्या दिवसापर्यंत सगळं 'तू' ला उद्देशून, आणि हा 'तू' एक माणूस राहतच नाही, त्यात मारलेले, बुडालेले, पुरलेले सगळे येऊन बसतात.

बुडालेले म्हणजे सेवोल. १६ एप्रिल २०१४ ला इंचनहून जेजू बेटाला निघालेली ही बोट बुडाली, ३०४ माणसं गेली, त्यात २५० जण आन्सानच्या एकाच शाळेची पोरं, सहलीला निघालेली. बोट कलंडत असताना त्यांना स्पीकरवरून सांगत होते की जागेवरून हलू नका. हे एकदा माहीत झालं की त्या कवितांमधलं पाणी अंगावर येतं. मृत्यू ही फक्त एकेकट्याची गोष्ट नाही, आपण जिवंतपणीच ज्या व्यवस्थेत राहतोय ती व्यवस्थाही मृत्यूच आहे असं बाईंचं म्हणणं आहे आणि मला ते शंभर टक्के पटतं. २०१५ ला त्या स्वतः वेदनेने मेट्रोच्या फलाटावर कोसळल्या होत्या, तेव्हा कोरियात मर्स या श्वसनाच्या आजाराची साथ चालू होती. शेवटी 'फेस ऑफ रिदम' नावाची एक लांब कविता आहे, स्वतःच्या दुखण्यावरची, ती प्लीज सोडू नका, ४९ कवितांमधे जे सगळ्यांचं होतं ते इथे एका शरीरात शिरतं. मधेमधे चित्रं आहेत ती त्यांच्या मुलीची, फी जे लीची.

'फँटम पेन विंग्ज' कोरियनमधे २०१९, इंग्रजीत २०२३, आणि मार्च २०२४ मधे अमेरिकेतल्या समीक्षकांच्या नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कलचा कवितेचा पुरस्कार. वडील गेल्यानंतरच्या या कविता. कापून टाकलेला हात जसा नसूनही दुखतो तसे इथे कधी नसलेले पंख दुखतात, आणि बाई पक्षी होते. पण 'ती पक्ष्यासारखी उडाली' असलं गोड काही नाही हं, इथे पक्षी होणं हे करायचं काम आहे, दुःख इतकं होतं की माणसाच्या शरीरात मावत नाही म्हणून करायचं. शोक आहे पण बापाच्या सत्तेवरचा रागही आहे, दोन्ही एकाच ओळीत येतात, आणि बाप गेल्यावर अशी कबुली देणारी कविता मी फार कमी वाचलीय. भाषा जास्त मोकाट, आवाजावर खेळणारी, पुस्तकही बरंच जाड, आणि ४९ दिवसांसारखा धरायला कठडा नाही त्यामुळे मधे हरवायला होतं. मागे बाईंचा 'बर्ड रायडर' हा निबंध आणि अनुवादिकेची डायरी आहे. डॉन मी चोई स्वतः कवी आहे, तिच्या 'डीएमझी कॉलनी'ला २०२० चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळालाय, त्यामुळे ती डायरी नुसती टिपणं म्हणून वाचू नका.

तर मी म्हणेन आधी 'ऑटोबायोग्राफी'. आकार हातात असतो, रोज दोनतीन दिवस असं वाचता येतं आणि कोरियाचा इतिहास फार माहीत नसला तरी पहिली मेट्रोची कविता आत ओढतेच. अपवाद एकच. घरातलं कोणी नुकतं गेलं असेल, विशेषतः आई किंवा वडील, तर मात्र 'फँटम' आधी घ्या, कारण 'ऑटोबायोग्राफी' तुम्हाला एकट्याने रडू देत नाही, शेकडो मेलेली माणसं आणून समोर उभी करते, आणि त्या दिवसांत तेवढं सोसत नाही. 'फँटम' तुमच्या दुःखापाशी थांबतं.

दोन्हींचं वजन जास्त वाटत असेल तर ब्रिटनमधे २०१४ ला आलेलं निवडक कवितांचं 'आय अॅम ओके, आय अॅम पिग!' बघा. २०१०-११ च्या हिवाळ्यात जनावरांच्या लाळ्या-खुरकुताच्या साथीत कोरियाने तीस लाखांहून जास्त डुकरं मारली, त्यातली कितीतरी जिवंत पुरली, त्यावर बाईंनी लिहिलंय. पण निवडक असल्याने कुठल्याच एका पुस्तकाचा पूर्ण दम त्यात मिळत नाही, म्हणून मी ते तिसऱ्या नंबरवर ठेवते. आणि 'फँटम' घेतलंत तर मागचा 'बर्ड रायडर' आधी वाचा, मग कविता, कठडा नाही म्हटलं ना, तो निबंध ते काम थोडंफार करतो.