दहा महिने हवामानाचं ॲप वापरून अंदमानची तारीख ठरवली: वापरानंतरचा अनुभव

हे ॲप आमच्या घरात आलं ते फवारणीसाठी. पिंपळगाव बसवंतजवळ आमची द्राक्षबाग आहे, थॉमसन जातीची. ऑक्टोबर छाटणीनंतर पावसाचा एक शिडकावा जरी झाला तरी डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. जूनमध्ये भाच्याने ह्यांच्या मोबाईलवर वाऱ्याचे रंगीत नकाशे दाखवणारं ॲप टाकून दिलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. असली तीन-चार ॲप आहेत आणि आतून बरीचशी सारखीच चालतात. ह्यांनी दोन दिवस पाहिलं आणि मोबाईल माझ्याकडे दिला. घरात नोंदवही मीच ठेवते, म्हणून ॲपही माझ्याकडेच आलं.

त्याच सुमारास सासूबाईंनी अंदमानचा विषय काढला. त्यांचं माहेर भगूरचं. सावरकरांचा वाडा लहानपणापासून पाहिलेला, पण ती कोठडी पाहायची राहिली होती. "गुडघे चालतात तोवर न्या," एवढंच म्हणाल्या. मी ॲपमध्ये बागेसोबत दुसरी खूण लावली, अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर. (आता ते स्वराज द्वीप आहे, नील बेट शहीद द्वीप झालंय, आणि आम्ही ॲप वापरत होतो त्याच सप्टेंबरात पोर्ट ब्लेअरचं नावही श्री विजयपुरम झालं. पण बोटीवाल्यांपासून हॉटेलवाल्यांपर्यंत सगळे जुनीच नावं घेतात, म्हणून मीही तीच लिहिते.) तेव्हापासून रोज सकाळी चहासोबत दोन्ही खुणा बघायची सवय लागली.

सुरुवातीची माझी एक चूक आधीच सांगते. ॲपमध्ये वारा नॉटमध्ये असतो. मी महिनाभर त्याला किलोमीटर समजून वाचत होते. एक नॉट म्हणजे ताशी जवळपास १.८५ किलोमीटर. पंधरा नॉटच्या वाऱ्यात मी ह्यांना "फवारा खुशाल" म्हटलं आणि अर्धं औषध शेजारच्या बांधावर गेलं. सेटिंगमध्ये जाऊन एकक बदलता येतं. ते पहिल्याच दिवशी बदलून घ्या.

बागेसाठी ॲप कसं आहे? माझ्या वहीतून सांगायचं तर तीन दिवसांपर्यंत विश्वास ठेवावा असं, पाच दिवसांपर्यंत बरं, त्यापुढे देवाची करणी. त्यात युरोपचं आणि अमेरिकेचं अशी हवामानाचा अंदाज काढणारी दोन वेगवेगळी संगणकी गणितं बघता येतात. दोन्हींत एकच दिवस पावसाचा दिसला तर मी तो खरा धरते. एकात पाऊस आणि दुसऱ्यात ऊन असेल तर ह्यांना सांगते, उद्या पुन्हा बघू. अमेरिकेचं सोळा दिवस पुढचं दाखवतं म्हणून गावात अनेकांना ते आवडतं. पण दहाव्या दिवसानंतरचं ते चित्र दर सहा तासांनी पालटतं. आज गारपीट, संध्याकाळी गायब, उद्या परत. नोव्हेंबर २०२३ मध्ये निफाड तालुक्यात गारांनी बागा झोडपल्या, तेव्हापासून गावात लोक असल्या नकाशांना नको इतके घाबरतात. पंधरा दिवस पुढची गार पाहून कुणी झोप घालवू नये.

आता मूळ विषय. नाशिकला कॉलेज रोडवर एका एजंटकडे गेलो, तर त्याने दिवाळीचं पॅकेज समोर ठेवलं. "सगळे दिवाळीतच जातात, मॅडम." मी ॲप उघडून बसले, पण ते सोळा दिवसांपुढे काही बोलेना. तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. छाटणीची तारीख आपण अंदाज पाहून ठरवतो का? ती वर्षानुवर्षांच्या अनुभवावर ठरते, आणि अंदाज बघतो तो फवारणीच्या वेळेसाठी. सहलीचं तसंच आहे. महिना ठरवायचा तो तीस-तीस वर्षांच्या सरासरीवरून, ॲप लागतं ते तिथे पोचल्यावर कुठल्या दिवशी काय करायचं यासाठी. ॲप बिचारं दिवसाचं काम करतं आणि लोक त्याला वर्षाचं विचारतात.

सरासऱ्या हवामान खात्याच्या असतात, त्या शोधाव्या लागतात, ॲपमध्ये धड मिळत नाहीत (हा एक तारा मी कापला). पोर्ट ब्लेअरला वर्षाला साधारण ३००० मिलीमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे जूनमध्ये मृग कधी बरसतो याची वाट बघतात, तोवर अंदमानात मोसमी पाऊस लागलेला असतो. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच तो तिथे पोचतो, केरळच्याही आधी. आणि आपल्यासारखा सप्टेंबरात आटोपत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वारा फिरतो आणि ईशान्येकडून पुन्हा पाऊस येतो. शिवाय बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा तोच काळ. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले होते, नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. तेच पुढे वरदा वादळ होऊन चेन्नईवर गेलं. म्हणजे दिवाळी म्हटलं की निव्वळ नशिबाचा खेळ. आमच्या ओळखीचं एक कुटुंब दिवाळीत गेलं, फेरीबोट रद्द झाली आणि दोन दिवस पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात पत्ते खेळून परत आलं. आणि खरं सांगायचं तर दिवाळीत द्राक्षवाल्याला घर सोडताच येत नाही, बाग पोंग्यात (नवे कोंब फुटताना) नाहीतर फुलोऱ्यात असते.

सगळ्यात कोरडा काळ जानेवारी ते मार्च. नेमका आमचा माल काढणीचा. व्यापारी, मजूर, क्रेट, वजनकाटा. तेव्हा सहलीचं नाव काढलं असतं तर ह्यांनी मलाच क्रेटमध्ये भरलं असतं. नाताळ ते पंधरा जानेवारी तसंही हॉटेलांचे भाव चढलेले असतात. उरली एक फट: मार्चअखेरीला माल गेला की एप्रिलची खरड छाटणी सुरू होईपर्यंतचे दहा-बारा दिवस. तेव्हा तिथे पाऊस नावापुरता, समुद्र निवांत, गर्दी ओसरलेली आणि शाळांच्या सुट्ट्या लागायच्या असतात. शिवाय पाडव्याच्या आदल्या दिवशीच्या आसपास अमावस्या असतेच. हे मला उशिरा सुचलं, पण त्यामुळे सहलीचं सोनं झालं. पुढे सांगते.

इथे ॲपने एक काम मात्र फार छान केलं. दहा महिने तीच खूण रोज बघितल्यामुळे वारा कसा वळतो ते डोळ्यांनी दिसलं. जुलैत बाण नैऋत्येकडून धावत होते, हॅवलॉकच्या पश्चिमेला लाटा दोन मीटरच्या पुढे. डिसेंबरात बाण उलटे, ईशान्येकडून. राधानगरचा तो प्रसिद्ध किनारा पश्चिमेला आहे आणि काला पत्थर पूर्वेला. म्हणजे एकाच बेटावर एका मोसमात एक बाजू खवळलेली आणि दुसरी शांत. एजंटच्या छापील कागदात हे नव्हतं. मार्चच्या अखेरीस दोन्ही बाजूंना लाटा अर्ध्या मीटरच्या आसपास दिसायला लागल्या तेव्हा मी ह्यांना म्हटलं, "तिकीट काढा."

गुढी उभारली, संध्याकाळी उतरवली आणि रात्री कसारा घाट उतरून मुंबई. तिथून चेन्नईमार्गे पोर्ट ब्लेअर. उतरल्याबरोबर चिकट घाम. नाशिकचा एप्रिल भाजतो, तिथला एप्रिल शिजवतो. पारा बत्तिसाच्या आसपास होता, पण दमटपणामुळे दुपारी कुठे फिरू नये. ॲप तापमान अचूक दाखवत होतं, पण अंगाला काय वाटेल हे बागेतल्या सवयीने मी कमी धरलं. सासूबाईंना सेल्युलर जेलला सकाळीच नेलं. सात पाखांपैकी तीन उरल्यात. सासूबाई जिना एकेक पायरी थांबत चढल्या, कोठडीच्या दारात दहा मिनिटं उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत. कलेक्टर जॅक्सनचा वध नाशिकला १९०९ च्या डिसेंबरात झाला आणि त्या प्रकरणात १९११ मध्ये सावरकरांना इथे आणलं. भगूरपासून इतक्या लांब. मी बाजूला सरकले, फोटोही काढला नाही. संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम उघड्यावर असतो. पावसाळ्यात आलो असतो तर यावर पाणी पडलं असतं.

आणखी एक गोष्ट तारखेआधी माहीत हवी. सूर्य तिथे आपल्यापेक्षा सव्वा तास पुढे चालतो, घड्याळ मात्र तेच. आम्हाला सव्वापाचला सूर्योदय आणि साडेपाचला अंधार पडायला सुरुवात. डिसेंबरात तर पाचलाच सूर्य बुडतो. नाशिककरासारखं आठला नाश्ता करून नऊला निघालात तर अर्धा दिवस गेला समजा. ॲपमध्ये सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा असतात. त्या मी दहा महिने बघितल्या आणि तरीही पहिल्या दिवशी उशीर केला.

हॅवलॉकला ॲपचं खरं काम लागलं. एलिफंट बीचला छोट्या बोटी जातात. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर वारा वाढणार असं दोन्ही गणितं सांगत होती, म्हणून मी बेत उलटा केला: एलिफंट बीच लगेच, राधानगर नंतर. बोटवाल्याला विचारलं. तो हॅवलॉकच्या बंगाली वस्तीतला म्हातारा गृहस्थ. त्याने मोबाईलकडे बघितलंही नाही. आभाळाकडे पाहून म्हणाला, आजच जा, उद्या दुपारी पाणी उड्या मारेल. तसंच झालं. ॲपला एक गुण, त्याला दोन.

फजिती नीलला झाली. ॲपवर दिवसभर कोरडं आणि चार वाजता वीस मिनिटं असा पाऊस की छत्री उघडायला वेळ मिळाला नाही. कारण नंतर लक्षात आलं. युरोपचं गणित जग सुमारे नऊ किलोमीटरच्या चौकोनांत कापतं. नील बेट अशा एका चौकोनातच मावतं. दुपारी बेट तापतं, वर एकच ढग फुगतो, पडतो, संपतो. आपल्याकडे वळीव आमच्या शिवाराला कोरडं ठेवून नाल्यापलीकडची बाग भिजवतो, तसंच ते. त्याचा दोष ॲपला देत नाही, पण एवढ्याशा बेटावर ढगाच्या एका चिन्हावर भरोसा ठेवू नका. शिवाय तिथे नेट कासवाच्या चालीने. चेन्नईहून समुद्राखालची केबल २०२० मध्ये आली, पोर्ट ब्लेअरला फरकही जाणवतो, पण आमच्या खोलीत नकाशा उघडायचा म्हणजे जपच. फेरीच्या जेट्टीवर लावलेला कागद जास्त उपयोगी पडला.

आता अमावस्येचं. त्या दिवसांत उधाण असतं, म्हणजे ओहोटीही खोल जाते. नीलच्या नैसर्गिक दगडी पुलाखाली ओहोटीलाच जाता येतं, ते आम्हाला निवांत मिळालं. खडकांच्या डबक्यांत निळे-जांभळे मासे बघत सासूबाई लहान मुलीसारख्या वाकून बसल्या होत्या. आणि हॅवलॉकला रात्री, चंद्र बुडाल्यावर, पाण्यात हात घातला की निळसर ठिणग्या उडत होत्या. सूक्ष्म जीव असतात ते, पाणी हललं की चमकतात. पौर्णिमेला गेलेल्यांना हे नीट दिसत नाही. ॲप चंद्राची कला दाखवतं, पण खरं सांगू का, हे काम भिंतीवरच्या कॅलेंडरने केलं.

दुसऱ्या बेटांचे बेत असणाऱ्यांना एकच सांगेन, अंदमानचा हिशोब उचलून तिकडे लावू नका. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तिथे एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं. श्रीलंकेत कोलंबोकडचा किनारा डिसेंबर ते मार्च चांगला आणि त्रिंकोमालीकडचा मे ते सप्टेंबर, एकाच देशात. मॉरिशसला नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा काळ.

तारे विचाराल तर बागेसाठी साडेचार, सहलीचा महिना ठरवायला दोन, महिना ठरल्यावर रोजचा बेत करायला चार. पैशांची आवृत्ती घेतली नाही. फुकटातलं पुरलं.

हॅवलॉकची खूण परवा काढली आणि त्रिंकोमालीवर लावली, ऑगस्टसाठी. तेव्हा छाटणीला वेळ असतो. ह्यांनी लगेच बघितलं. "ऑगस्टात पोळा असतो."

"आपल्याकडे बैल कुठंयत?"

"ट्रॅक्टर आहे ना," हे म्हणाले. "त्याला कोण सजवणार?"