दोन पुस्तकांची वर्गणी

मागच्या वर्षी जूनमध्ये मी आमच्या गावच्या नगर वाचनालयाची सभासद झाले. दोन पुस्तकांची वर्गणी भरली, एक पुस्तक माझं आणि एक सासूबाईंचं. त्याला आता चौदा महिने होत आले. मी वहीत लिहून ठेवते, त्या हिशोबानं एवढ्या काळात एकशे नऊ पुस्तकं आमच्या घरी येऊन गेली. दिवाळी अंक वेगळे.

गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं. वाचनालयाचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही लिहिणार आहे. त्या तिथल्या अभिप्राय वहीत मी आधीच लिहिल्यात, तिथेच त्या सुटाव्यात. पण तालुक्याच्या गावांतली वाचनालयं बरीचशी अशाच पद्धतीनं चालतात. सभासद व्हायचं मनात आहे आणि जमत नाहीये, अशा कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

सभासद झाले ते आईंसाठी, म्हणजे सासूबाईंसाठी. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून नजर चांगली आहे, पण गुडघ्यांमुळे घराबाहेर पडणं बंद झालंय. दुपारभर टीव्हीसमोर बसायच्या आणि संध्याकाळी मी पतसंस्थेतून घरी आले की म्हणायच्या, "अगं, आज काही म्हणजे काही झालं नाही." ते वाक्य रोज ऐकवेना.

प्रवेश अर्ज दहा रुपयांना मिळतो. सोबत आधारची झेरॉक्स, एक फोटो आणि ओळख म्हणून जुन्या सभासदाची सही लागते. सही आमच्या शेजारच्या काकांनी दिली. प्रवेश फी 50, एका पुस्तकाला 300 रुपये अनामत म्हणजे दोन पुस्तकांना 600, आणि वर्गणी महिन्याला 80. वर्गणी सहा-सहा महिन्यांची एकदम भरायची. अनामत सभासदत्व सोडताना परत मिळते, मात्र पावती दाखवावी लागते. ती पावती आमच्याकडे रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे.

एक गोष्ट अर्ज भरतानाच विचारून घ्या. अनामतीपेक्षा जास्त किमतीचं पुस्तक कार्डावर मिळत नाही. म्हणजे 300 अनामत असेल तर चारशेची कादंबरी समोर दिसते, पण नेता येत नाही. हल्ली नवी पुस्तकं तीनशेच्या खाली क्वचितच येतात. पहिला महिना आम्ही जुन्यांवर काढला, मग मी एका कार्डावर आणखी 300 भरले. हे कुणी आपणहून सांगत नाही. नियम बरोबरच आहे, पुस्तक हरवलं तर वाचनालयानं भरपाई कुठून करायची? पण अर्ज घेतानाच हे एका वाक्यात सांगायला हवं.

मुदत पंधरा दिवसांची, नव्या पुस्तकाला सात. दुसऱ्या कुणी नंबर लावलेला नसेल तर फोनवर एकदा मुदत वाढवून मिळते. नंतर दिवसाला एक रुपया दंड. सोमवारी बंद. बाकी दिवस सकाळी नऊ ते बारा, संध्याकाळी साडेचार ते आठ. मला आठपर्यंतचं फार सोयीचं पडतं, पतसंस्थेतून सुटले की वाटेतच पुस्तक बदलून घरी जाता येतं. आणि सभासदाला स्वतः यावं लागत नाही, कार्ड घेऊन घरचं कुणीही गेलं तरी चालतं. ही सवलत नसती तर आईंना सभासद होऊन काहीच उपयोग नव्हता, कारण देवघेव विभाग वरच्या मजल्यावर आहे. बावीस पायऱ्या, आणि कठडा एकाच बाजूला.

यावर मी पहिल्याच महिन्यात ग्रंथपाल बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "वहिनी, 2005 ला पाणी आत आलं होतं. खालच्या दोन ओळी गेल्या. तेव्हापासून पुस्तकं खाली ठेवायची छातीच होत नाही." यावर मला पुढे बोलता आलं नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरून किती पुस्तकांचा लगदा झाला, ते आम्ही सगळ्यांनी वाचलेलं आहे. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरावर 2021 च्या जुलैमध्ये तीच वेळ आली. नदीकाठच्या गावात पुस्तकं वरच हवीत. पण मग वर चढू न शकणाऱ्या सभासदांसाठी आठवड्यातून एकदा खाली टेबल लावावं, यादी फोनवर घ्यावी, पुस्तकं वाचनालयातल्या शिपाई मामांनी खाली आणून द्यावीत. अभिप्राय वहीत मी हे लिहिलंय. अजून उत्तर नाही. महिन्याभरानं पुन्हा लिहीन.

आता चांगल्यातलं सगळ्यात चांगलं. इथे कपाटांना कुलपं नाहीत. सभासदाला आत जाऊन हातानं पुस्तक काढता येतं. काही वाचनालयांत अजूनही खिडकीतून नाव सांगायचं आणि समोरचा देईल ते घ्यायचं असा प्रकार असतो. आमच्याकडे ओळींमधून हिंडा, खाली बसा, चार पानं वाचून बघा, कुणी हटकत नाही. पुस्तकं विषयवार लावलेली आहेत, पाठीवर दाखल क्रमांकाची चिठ्ठी. बरीचशी जुनी पुस्तकं पुन्हा बांधून घेतलेली, तपकिरी पुठ्ठा आणि लाल कापडी पाठ, त्यामुळे मूळ मुखपृष्ठ कसं होतं ते कळायला मार्ग नाही. बांधताना आतल्या बाजूचा समास इतका खाल्लाय की काही पुस्तकं दोन्ही हातांनी उघडून धरावी लागतात. आईंचे हात दुखतात. म्हणून मी आता पुस्तक घेण्याआधी ते टेबलावर उघडून बघते, सपाट राहत असेल तरच त्यांच्यासाठी घेते. टाइप मोठा आहे का, तेही बघते.

दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात मी एक आत्मचरित्र नेलं. आईंनी चष्मा लावला आणि पहिलं पान न उघडता सरळ मधलं एक पान काढलं. मग पुस्तक माझ्याकडे दिलं. "वाचलंय मी हे. बदलून आण." मी विचारलं, एवढ्यात कसं कळलं? त्यांनी पान 31 दाखवलं. आकड्याच्या खाली पेन्सिलीचं एक बारीक टिंब. सांगितल्याशिवाय दिसणारही नाही एवढं. शाळेत होत्या तेव्हा त्या याच वाचनालयाच्या सभासद होत्या, मामंजींच्या आजारपणात वर्गणी थकली आणि सुटलं ते सुटलं. त्या काळात वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या पान 31 वर त्यांनी असं टिंब दिलंय, तेच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी अजून चिकटवलेली होती. जांभळ्या शाईचे शिक्के, एकाखाली एक. त्यातला 1996 च्या मे महिन्यातला एक शिक्का बघून आई म्हणाल्या, "हा माझाच असणार. मेची सुट्टी."

मग मी लक्ष देऊन बघायला लागले, तर अशा खुणा कितीतरी पुस्तकांत आहेत. कुणी पान 17 च्या आकड्याभोवती गोल केलाय, कुणी पान 50 वर छोटा त्रिकोण काढलाय. हे सगळे आपल्याच गावातले लोक, कोण ते माहीत नाही. पुस्तकावर खुणा करू नयेत ही पाटी भिंतीवर आहे आणि ती पाळलीच पाहिजे, म्हणून आम्ही वही घातलीय. पण जुनं टिंब दिसलं की मला बरं वाटतं.

तक्रार मोठी एकच, आणि ती मनाला लागलेली आहे. डिसेंबरात वाचनालयातून फोन आला, तुमच्याकडे एक प्रवासवर्णन राहिलंय, 47 रुपये दंड झालाय. ते पुस्तक मी ऑक्टोबरातच परत केलं होतं, वहीत तारीख होती. संध्याकाळी जाऊन सांगितलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "कॉम्प्युटरला बाकी दिसतंय, म्हणजे बाकी आहे." मागे चार माणसं उभी. मी दिवसभर लोकांच्या ठेवींचे हिशोब ठेवते, दुसऱ्याचं पुस्तक घरात ठेवून नाही म्हणणारी मी नाही. मी म्हटलं, आधी ओळीत बघून या. तो जाईना, तेव्हा मीच दाखल क्रमांक कागदावर उतरवून आत गेले आणि पुस्तक त्याच्या जागेवरून काढून आणलं. नंतर उलगडा झाला. मी परत केलं त्या दिवशी लाइट गेली होती, नोंद कच्च्या वहीत केली आणि कॉम्प्युटरवर चढवायची राहिली. ग्रंथपाल बाईंनी दुसऱ्या दिवशी फोन करून चूक मान्य केली, ते मला आवडलं. पण फोन करण्याआधी कुणी ओळीत एक नजर टाकली असती तर ही वेळच आली नसती. तेव्हापासून पुस्तक परत केलं की स्क्रीनवर नोंद झालेली बघितल्याशिवाय मी हलत नाही. तुम्हीही हलू नका.

दुसरी तक्रार लहान. पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर आहे, पण ती काउंटरच्या आतच दिसते. घरून फोनवर बघता आली तर माझे निम्मे हेलपाटे वाचतील.

आता दिवाळी अंक. यासाठी वेगळी योजना असते आणि तिच्यासाठी तरी सभासद व्हा, असं मी मैत्रिणींना सांगते. दिवाळी अंकांची परंपरा 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'पासून सुरू झाली, आणि आज एकेक चांगला अंक तीनशे-चारशेच्या घरात जातो. घरी दोन घेतले तर पुष्कळ. इथे 350 रुपये भरले की दिवाळीपासून फेब्रुवारीअखेर पाहिजे तेवढे अंक वाचा. एका वेळी एक, बदलायला रोज गेलात तरी चालतं. आम्ही मागच्या मोसमात एकतीस अंक वाचले. सुरुवातीचे पंधरा दिवस गर्दी असते, नावाजलेले अंक हाताला लागत नाहीत. तेव्हा धीर धरायचा आणि कधी नाव न ऐकलेले अंक घ्यायचे. जिल्ह्यातल्याच कुणीतरी काढलेल्या एका बारक्या अंकात ऊसतोडीला गेलेल्या बाईची एक कथा होती. ती आईंनी मला स्वयंपाकघरात येऊन वाचून दाखवली, भाकऱ्या होईपर्यंत उभ्या राहून. गुडघे दुखतात हे त्या विसरल्या होत्या. जानेवारीपर्यंत अंकांची अवस्था मात्र बघवत नाही. शब्दकोडी पेननं भरलेली, राशिभविष्याची पानं सुटलेली, पाककृतीची पानं सरळ कात्रीनं कापलेली. पान कापून नेणाऱ्याला माझं हात जोडून सांगणं आहे, फोनवर फोटो काढा. मागे पन्नास घरं तो अंक वाचायची थांबलेली असतात.

माझी जाऊ विचारते, सार्वजनिक वाचनालय आहे तर पैसे कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे 1967 च्या ग्रंथालय कायद्यानं अशा वाचनालयांना मान्यता मिळते, अ, ब, क, ड असा वर्ग ठरतो आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान येतं. पण चालवणारी स्थानिक संस्थाच असते. तमिळनाडूत मालमत्ता कराबरोबर ग्रंथालयाचा उपकर घेतात, तसा आपल्या कायद्यात नाही. 2022 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ झाली, तरी कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी मिळावी ही मागणी जुनी आहे आणि तशीच पडून आहे. बावीस पायऱ्या दिवसातून दहा वेळा चढणाऱ्या मामांचा पगार ऐकून मी गप्प झाले होते. आमची 80 रुपये वर्गणी असल्याच खर्चाला लागते, म्हणून ती भरताना मला जड वाटत नाही. हिशोब केला तर एका पुस्तकाला दहा रुपयांच्या आसपास पडले. खालच्या मजल्यावरचा वर्तमानपत्रांचा विभाग तर सगळ्यांना मोकळा आहे, सभासद नसलात तरी.

ग्रंथपाल बाईंबद्दल लिहायलाच हवं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून त्या आईंची आवड ओळखून पुस्तक बाजूला काढून ठेवतात. "आजींना ऐतिहासिक नको, खूप झालं. हे नेऊन बघा," म्हणून त्यांनी एका परिचारिकेचं अनुभवकथन दिलं. आई कधी भेटलेल्या नाहीत त्यांना. फक्त नोंदी बघून आणि मी काय सांगते ते ऐकून हे जमवतात.

जुलैपासून आईंनी एक नवीन काढलंय. पाऊस सुरू झाला तेव्हा म्हणाल्या, "आता टिंबवाली आण. तेव्हा शाळा, स्वयंपाक सांभाळून घाईत वाचलेली आहेत." त्यामुळे मी आता ओळीत उभी राहून पान 31 उघडते आणि टिंब असेल तर पुस्तक बगलेत धरते. आतापर्यंत सात सापडली. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, काय शोधताय? मी दाखवलं. त्यांनी पान उजेडाकडे धरून बघितलं, काही बोलल्या नाहीत, पुस्तक आमच्या कार्डावर चढवून दिलं. परवा गेले तर काउंटरवर दोन पुस्तकं आमच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलेली होती. दोन्हींच्या पान 31 वर टिंब होतं.