१९७२ची एमजीबी घरीच सांभाळताना : अठरा महिन्यांचा अनुभव

गाडी दारात आली त्याला दीड वर्ष झालं. एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची दोन जणांची उघडी स्पोर्ट्स कार, १९७२ची, क्रोम बंपरची, १७९८ सीसीचं इंजिन, एसयू बनावटीचे दोन कारब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे) आणि ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिन कमी फिरावं म्हणून जोडलेला जादा गिअर. या काळात ४,१०० मैल चालवली. पत्र्याचं वेल्डिंग तेवढं बाहेरून करून घेतलं, बाकी सगळं काम मी घराशेजारच्या छोट्या गॅरेजमध्ये स्वतः केलं. मी मेकॅनिक नाही. आठवडाभर संगणकापुढे बसायचं काम करते आणि ही गाडी घेण्याआधी चाक बदलण्यापलीकडे कुठल्याच गाडीला हात लावला नव्हता. ज्यांना अशी गाडी घ्यावीशी वाटते पण धीर होत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते: इंजिन शिकता येतं, वायरिंग शिकता येतं, गंज मात्र विकत घेऊ नका.

आम्ही इंग्लंडमध्ये डिडकॉटला राहतो. ॲबिंग्डन इथून दहा-बारा किलोमीटर. १९६२ ते १९८० या काळात एमजीबी तिथेच बनत होती, सगळे प्रकार धरले तर पाच लाखांच्या वर. कारखाना १९८०च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाला, पण एमजी कार क्लबचं ऑफिस आजही ॲबिंग्डनमध्येच, किंबर हाउसमध्ये आहे. भारतात आता एमजी नावानं ज्या गाड्या विकल्या जातात, त्यांचं आणि हिचं नाव सोडलं तर काही नातं नाही. हे सांगायचं कारण, सांगलीहून प्रत्येक फोनवर "तीच का ती?" असं विचारलं जातं.

पण मी ही गाडी गावाजवळची म्हणून घेतली नाही. बघायला गेले तेव्हा मालकानं बॉनेट उघडून इंजिन सुरू केलं आणि तो टॅपेटचा बारीक, सारखा टकटक आवाज कानावर आला. मी तिथेच थांबले. लहानपणी बाबांची अँबॅसडर सकाळी दारात तापत ठेवलेली असायची, तिचा हाच आवाज. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की भास नव्हता. अँबॅसडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सीरिज या इंजिन घराण्यातली. थोरली-धाकटी बहीणच. तेव्हापासून माझा पहिला सल्लागार म्हणजे सांगलीत बसलेले बाबा, व्हिडिओ कॉलवर.

आता गंजाबद्दल, आणि यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि झोप इथेच गेली. या गाडीला वेगळी चासी नाही. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जी पेटी जाते, ती सिल, तिच्यावर अख्खी गाडी उभी असते. बाहेरून दिसतो तो एक पत्रा. त्याच्या आत एक उभा पत्रा, त्याला लागून आतली सिल आणि तळाशी खाचाखाचांची कॅसल रेल. पुढच्या चाकानं उडवलेला चिखल फेंडरच्या मागच्या कोपऱ्यात साठतो, ओला राहतो आणि तिथून सडायला सुरुवात होते. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते वेगळंच.

विकणाऱ्यानं मला सांगितलं होतं की सिल नव्या आहेत. वरून हात फिरवला, रंग चकचकीत, मी मान डोलावली. सहा महिन्यांनी मागची ब्रेक तपासायला गाडी डावीकडून जॅकवर घेतली. आतून पाना काढायचा राहिला होता म्हणून दार उघडायला गेले, तर दार हलेना. जॅक खाली घेतला, दार उघडलं. पुन्हा वर घेतला, पुन्हा अडकलं. जॅकच्या एका दांड्यासरशी दाराची मागची फट बोटभरावरून नखाएवढी होत होती. गाडी मधोमध वाकत होती. बाहेरचा पत्रा खरंच नवा होता; तो जुन्या, सडलेल्या पत्र्यावर चढवून वर पुट्टी भरली होती. आतला उभा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं पापडासारखा तुटला.

दोन्ही बाजूंचं काम करायला २,८०० पौंड आणि नऊ आठवडे लागले. ज्यानं केलं त्यानं आधी दाराच्या चौकटीत आडव्या पट्ट्या टाकून गाडी बांधून घेतली, मग एकेक थर कापला आणि प्रत्येक टप्प्याला दार लावून फट मोजली. हे न करता सिल कापली तर गाडी वाकड्या आकारातच वेल्ड होते आणि मग दारं जन्मभर बसत नाहीत. तुम्ही कुणाकडे काम देणार असाल तर हाच प्रश्न आधी विचारा: कापण्याआधी गाडी कशी बांधणार? उत्तर द्यायला जो अडखळेल, त्याच्याकडे देऊ नका.

गाडी बघायला जाताना एक लोहचुंबक रुमालात गुंडाळून न्या. पत्र्यावर चिकटतो, पुट्टीवर चिकटत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं सिल वाजवा. ठणठणीत पत्रा आणि भद्द पुट्टी यांचा आवाज आंधळ्यालाही कळेल. आणि मालकाची परवानगी घेऊन गाडी एका बाजूनं जॅकवर घ्या, दार उघडझाप करून बघा. या पाच मिनिटांनी माझे २,८०० पौंड वाचले असते. आता दर ऑक्टोबरमध्ये सिलच्या पोकळीत लांब नळीनं मेण फवारते.

हत्यारांचं सांगायचं तर ही गाडी इंचांत बोलते. माझ्याकडे होते सगळे मिलिमीटरचे पाने. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३चा पाना बसतो आणि नेमका म्हणूनच घात करतो. घट्ट नटावर जोर दिला की कोपरे गोल. एक नट असा गमावल्यावर बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अगं, चार सुती पाना घे, तेरा नंबरचा कसा चालेल!" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच. सांगलीतले मिस्त्री अजून हेच बोलतात. सात-षोडशांश, अर्धा आणि नऊ-षोडशांश इंच, एवढ्या तीन मापांवर गाडीचं निम्मं काम होतं. ते पाने मात्र चांगले घ्या.

मला सगळ्यात आवडतं काम म्हणजे टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट जुळवणं. इंजिन रात्रभर गार झालेलं असताना, रविवारी सकाळी. वरचं झाकण दोन नटांवर असतं, ते काढलं की आठही व्हॉल्व्ह एका ओळीत डोळ्यांसमोर. प्लग काढायचे, चौथा गिअर टाकायचा आणि गाडी इंच-इंच पुढे ढकलायची. हे काम माझी लेक करते. हिशेब नऊचा: पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा आठवा सेट करायचा, दुसरा दाबलेला असेल तेव्हा सातवा, तिसऱ्याला सहावा. दोघांची बेरीज नऊ आली पाहिजे. लेक मागून ओरडते, "तीन खाली!" मी म्हणते, "मग कितवा?" "सहा!" गार इंजिनाला फट १५ थाउ, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या पंधरा पट. फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांपैकी, त्या जाडीचं पातं आत घालून ओढताना किंचित अडलं पाहिजे, दोन बोटांत धरलेला कागद ओढावा तितकंच. एका हातात पाना, दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पातं पुन्हा घालून बघायचं. पहिल्यांदा मला तीन तास लागले. आता पाऊण तास.

कारब्युरेटरला लोक घाबरतात, पण ते एवढ्यासाठीच की ते दोन आहेत. दोन्हींमधून सारखी हवा गेली पाहिजे. त्यासाठी यंत्र मिळतं, मी घेतलं नाही. हातभर रबरी नळी, एक टोक कारब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी. फुसकारा ऐकायचा, मग दुसऱ्याचा ऐकायचा, स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा ऐकायचं. आमच्या शेजारच्या मिरजेत तंबोरे बनतात. लहानपणी तिथे कारागीर जोडीतला एक तंबोरा दुसऱ्याशी जुळवताना मान तिरकी करून, डोळे मिटून बसलेले पाहिले होते. नळी कानाला लावली की माझीही मान आपोआप तशीच होते. दोन्ही जुळले की इंजिनाची थरथर एकदम बसते, हाताला कळते.

मिश्रण बघायची रीतही सोपी आहे. कारब्युरेटरच्या बाजूला एक छोटी पिन असते, तिनं आतला पिस्टन अगदी किंचित उचलायचा. इंजिन जोरात पळायला लागलं आणि तसंच पळत राहिलं तर पेट्रोल जास्त. बसायला लागलं तर कमी. क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आलं की बरोबर. वरच्या नळकांड्यात तेल घालायला विसरू नका. तेल संपलं की ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी गचके खाते आणि माणूस उगाच भलतीकडे शोधत बसतो.

वायरिंगबद्दल जुन्या ब्रिटिश गाड्यांची फार बदनामी ऐकली होती. माझा अनुभव वेगळा आहे. गेल्या नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी पावसात परतताना इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि वायपर एकदम बंद पडले. कशीबशी घरी आले. आकृती काढून बसले तेव्हा रंगांची भाषा कळली: तपकिरी वायर थेट बॅटरीची, पांढरी चावी फिरवल्यावरची, हिरवी फ्यूजमधून पुढे जाणारी, काळी अर्थिंगची. जे बंद पडलं ते सगळं हिरव्यावर. म्हणजे फ्यूज. पण फ्यूज काढून उजेडात धरला तर तार धडधाकट! मग नीट बघितलं: फ्यूज ज्या पितळी चिमट्यात बसतो त्या चिमट्यांवर हिरवट-पांढरी बुरशी धरली होती. पॉलिश पेपरची सुरळी करून घासलं, फ्यूज बसवला, चावी फिरवली, वायपर चालू. बाबांचं म्हणणं आहे की जुन्या गाडीत लाइट मंद झाला की आधी अर्थिंग घासायचं, मग डोकं खाजवायचं. ते मागच्या लाइटच्या बाबतीत तंतोतंत खरं निघालं. बल्बपाशी १०.१ व्होल्ट मिळत होते. बॉडीला लागलेला स्क्रू काढून खालचा रंग आणि गंज खरवडल्यावर १२.२ झाले. वायरिंग वाईट नाही, पन्नास वर्षांत जोड मळले आहेत.

सुटे भाग हे या गाडीचं मोठं सुख. जवळजवळ सगळं नवं मिळतं. विटनीला ब्रिटिश मोटर हेरिटेज मूळ साच्यांवर अख्खी बॉडीसुद्धा बनवते. पण नवं म्हणजे चांगलं असं समजू नका. डिलकोचा (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा) रोटर, म्हणजे आतला फिरणारा तुकडा, मी नवा बसवला, तो तीन आठवड्यांत गेला. आतल्या रिव्हेटमधून करंट खाली उतरत होता आणि गाडी ए-३४ रस्त्याच्या कडेला उभी. जुना, काढून ठेवलेला रोटर डॅशबोर्डच्या कप्प्यात होता, तो घातल्यावर घरी आले. तेव्हापासून नियम: चालू असलेला जुना भाग फेकायचा नाही. पुरवठादार बदलला, आता रिव्हेट नसलेला रोटर वापरते.

पेट्रोलचं लक्ष ठेवावं लागतं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबरी नळ्या त्यानं मऊ पडून भेगाळतात. मी सगळ्या नळ्या बदलून इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या आणि पाच टक्क्यांचं महाग पेट्रोलच टाकते. भारतात जुनी गाडी जपणाऱ्यांनी तर हे आधी करावं, तिथे प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं आहे. पंपाचा आवाज ऐकायची सवय लावा: चावी फिरवल्यावर टिकटिक सुरू होते आणि कारब्युरेटर भरले की मंदावून थांबते. थांबलीच नाही तर टाकी रिकामी आहे किंवा कुठेतरी पेट्रोल गळतं आहे. चावी बंद करा आणि नाकानं शोधा.

किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिला, दर तीन हजार मैलांनी ग्रीस, दोन्ही बाजूंना ग्रीस भरायचे तीन-तीन निपल. चाक उचलूनच मारा. गाडीचं वजन असताना ग्रीस हव्या त्या जागी शिरत नाही. इंजिनात २०डब्ल्यू-५० तेल, आधुनिक पातळ तेल नको.

चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाडीला इथे वार्षिक तपासणी सक्तीची नाही आणि रोड टॅक्सही लागत नाही. मी तरी दरवर्षी तपासणीला नेते. सिलचा धडा मिळाल्यावर दुसऱ्या डोळ्यांचं महत्त्व कळलं आहे. वेल्डिंग सोडून अठरा महिन्यांचा खर्च साधारण ९०० पौंड, त्यात निम्मे हत्यारांचे. वेळ महिन्याला दोन रविवार.

सध्या एकच दुखणं शिल्लक आहे. गाडी तासभर पळून तापली की ओव्हरड्राइव्ह लागत नाही. गार असताना लागतो. वायर आणि स्विच तपासून झाले, दोन्ही ठीक. आता गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी, मग आतली जाळी, मग सोलेनॉइड (ओव्हरड्राइव्ह लावणारा विजेचा चुंबक), या क्रमानं बघणार आहे. या शनिवारी थंडी कमी असली तर गाडी स्टँडवर घेते.