ओला कचरा: विंड्रो, गॅस प्लांट की चार गावांचा सामायिक प्रकल्प?

50,000 वस्तीच्या नगरपरिषदेचा पुढच्या पंधरा-वीस वर्षांचा घनकचरा आराखडा करायला बसलं की सुक्या कचऱ्यावर फारसा वाद होत नाही. वर्गीकरणाची शेड, गासड्या बांधायचं प्रेस, भंगारवाल्याशी ठरलेला दर, उरलेलं आरडीएफ, म्हणजे कचऱ्यापासूनचं जळण, म्हणून सिमेंट कारखान्याकडे. अडतं ते ओल्यापाशी. माणशी रोज 300 ते 350 ग्रॅम कचरा धरला तर 15 ते 17 टन होतो, त्यातला निम्मा ओला. म्हणजे रोज 8-9 टन. सुक्याची गाडी दोन दिवस उभी राहिली तर कोणाला कळतही नाही. ओल्याची राहिली तर तिसऱ्या दिवशी वॉर्डांतून फोन सुरू होतात.

सल्लागार बहुतेक वेळा तीन पर्याय मांडतो: आपल्याच डेपोवर विंड्रो पद्धतीचं कंपोस्ट (लांब राशी लावून, त्या उलटत खत करायचं), बायोगॅस प्लांट, किंवा आसपासच्या चार-पाच गावांनी मिळून एक सामायिक प्रकल्प. तिन्ही नियमांत बसतात आणि तिन्हींची उदाहरणं आपल्या भागात आहेत. माथेरानला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या निसर्गऋण तंत्राचा गॅस प्लांट बसला. वेंगुर्ल्याने जुन्या डंपिंगच्या जागेवर वर्गीकरण, खत आणि गॅस एकत्र उभं केलं. गोव्यात साळगावच्या प्रकल्पात 2016 पासून किनाऱ्यावरच्या गावांचा कचरा एका जागी जातो. डीपीआरमध्ये (सविस्तर प्रकल्प अहवालात) तिघांचा भांडवली खर्च, जागा आणि उत्पन्न यांचा तक्ता असतोच, तो इथे पुन्हा मांडत नाही. हे तिन्ही पर्याय तोलताना मला एकच प्रश्न उपयोगी पडला: बिघाड झाला त्या दिवशी त्या 8 टनांचं काय होतं?

सामायिक प्रकल्प

कागदावर हा सगळ्यात सोपा. जागेची डोकेदुखी नाही, यंत्रांची नाही, वजनकाट्यावरच्या पावतीप्रमाणे टिपिंग फी (कचरा टाकण्याचं शुल्क) भरायची. पण ओल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं आणि 30 किलोमीटरवर आपण ते पाणी वाहून नेत असतो. पावसाळ्यात डबे उघडे राहिले की वजन आणखी वाढतं, आणि त्या पावसाचीही फी भरावी लागते. कचरा दाबून भरणाऱ्या कॉम्पॅक्टर गाडीत ओलं दाबलं की रस गळतो. मागच्या दाराचं रबर सील जुनं झालं असेल तर गाडी कुठून कुठे गेली हे रस्त्यावरच्या रेघेवरून सांगता येतं. वाटेतल्या गावांचा विरोध बऱ्याचदा त्या रेघेपासून सुरू होतो.

यापेक्षा मोठा धोका दोन ठिकाणी आहे. एक, सगळं एकाच गेटमधून आत जाणार म्हटलं की घराघरांतलं वर्गीकरण सैल पडतं. चालकालाही वाटतं, पुढे एकत्रच होणार आहे. दोन, गेट बंद झालं तर चारही गावं एकाच दिवशी अडतात. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी 2017 च्या उन्हाळ्यात गाड्या अडवल्या तेव्हा पुण्यासारख्या महापालिकेचीही कोंडी झाली. ग्रामस्थांची बाजू खरीच होती. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचा कचरा त्यांच्या विहिरींजवळ पडत होता.

सामायिक मांडणी एका गोष्टीसाठी मात्र जरूर घ्यावी: शेवटी उरणाऱ्या निर्जीव कचऱ्याच्या शास्त्रोक्त भरावासाठी. 2016 च्या घनकचरा नियमांत भरावाची जागा नदीपासून 100 मीटर, तलाव, महामार्ग, वस्ती आणि पाण्याच्या विहिरींपासून 200 मीटर, विमानतळापासून 20 किलोमीटर लांब हवी असं होतं. एवढ्या अटींत बसणारी जमीन एकेका छोट्या नगरपरिषदेला मिळणं अवघड. उरलेलं थोडं, कोरडं आणि वास नसलेलं असतं. ते आठवड्यातून एकदा पाठवलं तरी चालतं.

गॅस प्लांट

गॅसची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती खरोखर भक्कम आहे. जागा विंड्रोच्या निम्म्याहून कमी लागते. टाकी बंद असल्यामुळे नीट चालला तर वास जवळजवळ नाही. हॉटेलातलं शिजलेलं अन्न टनाला 80 ते 100 घनमीटर गॅस देतं. घरगुती ओला कचरा, देठं आणि सालं धरून, 50-60. म्हणजे 8 टनांतून 400 ते 480 घनमीटर. जनरेटरला दिला तर घनमीटरमागे दीड युनिट धरून 600 ते 700 युनिट वीज. चुलीला दिला तर घनमीटरमागे साधारण 430 ग्रॅम एलपीजी वाचतो, म्हणजे रोज 19 किलोची नऊ-दहा सिलिंडरं. हे आकडे ऐकून सर्वसाधारण सभा खूष होते आणि त्यात गैर काही नाही.

अडचण टाकीच्या आधी आणि टाकीच्या नंतर आहे. नंतरची आधी सांगतो. 8 टनांत तेवढंच पाणी मिसळून रोज 16 घनमीटर आत जातं, 30 दिवस राहायचं म्हणजे टाकी 480 घनमीटरची, आणि जेवढं आत जातं जवळजवळ तेवढंच बाहेर येतं. रोज दीड टँकर स्लरी. स्क्रू प्रेसने घट्ट भाग वेगळा केला, थोडं पाणी पुन्हा मिसळणीला वापरलं, तरी उरलेलं द्रव खत उचलायला शेजारी ऊस किंवा रोपवाटिका लागते. भर पावसात ते कोणी घेत नाही. डीपीआरमध्ये या द्रवासाठी बऱ्याचदा एकच ओळ असते.

टाकीतले जिवाणू नेमाने जेवणारे आहेत. सामू (pH) 6.8 ते 7.4 मध्ये राहिला पाहिजे. लग्नसराईत अचानक दुप्पट अन्न आलं, किंवा रसवंत्यांच्या हंगामात लिंबाच्या सालींची गाडी आली, की टाकी आंबते. सामू 6.5 च्या खाली गेला की खाद्य बंद करायचं, शेणाची स्लरी आणि थोडा खाण्याचा सोडा देऊन वाट पाहायची. परत पूर्ण भारावर यायला तीन आठवडे सहज जातात. त्या तीन आठवड्यांत 8 टन रोज येतच असतात. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड लोहभुकटीच्या स्क्रबरमधून नीट काढला नाही तर जनरेटरचं इंजिन ऑइल आम्लधर्मी होतं आणि बेअरिंग जातात. वाळू आणि अंड्यांची टरफलं तळाला साचून टाकीची जागा खातात, चार-पाच वर्षांनी टाकी रिकामी करावी लागते.

हे सगळं शिस्तीने सांभाळता येतं, सांभाळणारे आहेतही. माझा काटा जिथे झुकला ती गोष्ट याहून फार साधी आहे: हाराचा दोरा.

निर्माल्य ओल्या डब्यात येतं आणि यायलाच हवं, कारण झेंडू, तुळस, दूर्वा उत्तम कुजतात. दोरा कुजत नाही, त्यातून तो नायलॉनचा असतो. टाकीत जाण्यापूर्वी कचरा बारीक करणाऱ्या क्रशरच्या शाफ्टवर तो आधी केसासारखा बसतो. त्यावर नारळाची शेंडी, मग जुडीची सुतळी, एखादी चिंधी. दोन-तीन तासांत त्याचा पीळ इतका घट्ट होतो की तो बेअरिंगच्या सीलखाली शिरतो. सील फाटलं की कचऱ्याचा रस बेअरिंगमध्ये, आणि मोटर ट्रिप. मग मेन स्विच ओढायचा, हूड उघडायचं आणि हॅक्सॉ ब्लेडने दोरा कापत बसायचं. आमच्या अंदाजाने एका वेळेला चाळीस मिनिटं ते दीड तास. स्विचला कुलूप लावून किल्ली ज्याचा हात आत आहे त्याच्याच खिशात हवी. यात कधीही तडजोड करू नये, यात माणसाचा हात जातो.

क्रशरमधून सुटलेला दोरा पुढे पंपाच्या रोटरवर बसतो, तिथूनही सुटला तर टाकीत तरंगून पालापाचोळ्याला धरून जाड साय बनवतो आणि गॅसची वाट अडवतो. उपाय म्हणून क्रशरच्या आधी सरकत्या पट्ट्यावर चार बायका उभ्या करतात. पट्टा वेगाने गेला तर दोरा निसटतो, हळू केला तर 8 टन दिवसात संपत नाहीत. गणपतीत आणि दसऱ्याला तर पट्टाभर केशरी पाणी आणि गुंता. घरोघरी सांगून प्लॅस्टिक आणि काच बरीच कमी होते. हार सोडवून दोरा काढून टाका, हे सांगून फारसं साधत नाही असं मला वाटतं. कुठे साधलं असेल तर आनंदच आहे.

विंड्रो

इथे तोच दोरा राशीत जातो, महिनाभर पडून राहतो आणि ट्रॉमेलच्या, म्हणजे फिरत्या गोल चाळणीच्या, 35 मिलिमीटरच्या जाळीवर लटकून बाहेर येतो. पाळी संपताना जाळी साफ करायची. ट्रॉमेल चार दिवस बंद राहिला तरी काही नासत नाही, कारण त्याच्याकडे येणारा माल आधीच कुजून शांत झालेला असतो. नवी गाडी आली की नवी रास लागते. या एका फरकासाठी मी बाकीचा त्रास पत्करतो. पण काही ठिकाणी विंड्रोच्या तोंडाशीही कचऱ्याचे तुकडे करणारा श्रेडर बसवतात. तो बसवला की गॅस प्लांटची सगळी कटकट इथेही येते. श्रेडर फक्त फांद्या आणि शहाळ्यांसाठी, वेगळ्या कोपऱ्यात ठेवावा.

त्रास आहेच, तो झाकत नाही. जागा भरपूर लागते. रास तळाला 3 मीटर रुंद, दीड मीटर उंच. वरून सपाट घेतली तर रोजच्या 8-9 टनांना साधारण 6 मीटर लांबी. महिन्याच्या राशी, मध्ये लोडर फिरायला वाट, पुढे मुरवणीची (कच्चं खत पूर्ण पिकू द्यायची) आणि चाळणीची जागा धरून पाऊण एकराच्या आत बसवू नये. फरशी सिमेंटची, एक टक्का उताराची, उताराच्या टोकाला रसाची टाकी. कोकणात सगळ्यावर छप्पर हवं. देशावर निदान मुरवण आणि चाळणीवर तरी हवंच. भिजलेलं खत चाळता येत नाही, जाळीची भोकं लिंपून बसतात.

ओलावा 50 ते 60 टक्के हवा. मूठ आवळली की बोटांच्या सांध्यात ओल दिसावी, थेंब पडू नये. थेंब पडला तर वाळलेला पाला किंवा भुसा मिसळायचा. म्हणून माघ-फाल्गुनात झाडांचा पाला जाळू न देता पोत्यांत भरून साठवून ठेवावा, तो आषाढात सोन्यासारखा वापरला जातो. आत 55 ते 65 अंश तापमान आलं पाहिजे. लोखंडी सळई राशीच्या पोटात दहा मिनिटं ठेवून काढली आणि तळहातात धरवली नाही तर रास ठीक आहे. आठवड्याने एक उलटणी, अशा चार-पाच. वास येतो तो जवळजवळ नेहमी चुकलेल्या उलटणीचा: आत हवा संपते, रास आंबते, आणि उशिरा उलटली की सगळा साठलेला वास एकदम सुटतो. शेजारच्या वस्तीची तक्रार त्याच दिवशी येते. उलटणीला खास यंत्र घेतलं तर चांगलंच, नसेल तर जेसीबीने रोज दीड-दोन तासांत भागतं. जेसीबी बंद पडला तर तासाभरात भाड्याचा मिळतो, दुरुस्ती करणारा गावातच असतो. गॅस प्लांटच्या पंपाचा स्टेटर मागवला तर कुरिअरची वाट पाहावी लागते.

खत येणाऱ्या ओल्याच्या 15 ते 18 टक्के निघतं, म्हणजे रोज सव्वा ते दीड टन. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे कर्ब-नत्र गुणोत्तर 20 च्या खाली, ओलावा 15 ते 25 टक्के, आणि 4 मिलिमीटरच्या चाळणीतून निदान 90 टक्के माल गेला पाहिजे. नमुना नापास होतो तो बहुधा ओलाव्यावर, कारण घाईत गोणी भरली जाते. राज्याच्या ‘हरित महासिटी कंपोस्ट’ या नावाखाली विकायचं तर तपासणी लागतेच. पण शेतकरी स्वतःची तपासणी करतो: गोणीत हात घालून मूठभर खत घेतो. काचेचा एक कण टोचला की पुढच्या हंगामात तो येत नाही. 4 मिलिमीटरची चाळणी काचेचा चुरा अडवत नाही, त्यामुळे काच राशीत जाण्याआधी आणि जेसीबीचं चाक तिच्यावर चढण्याआधीच उचलली गेली पाहिजे. खताच्या विक्रीतून डेपो चालेल असं कोणी सांगितलं तर ते धरून चालू नये.

जागा मिळत असेल तर 50,000 च्या गावाने मुख्य भार विंड्रोवर ठेवावा, असं माझं मत. सोबत हॉटेलं आणि खानावळींचं शिजलेलं अन्न वेगळ्या गाडीने गोळा होत असेल तर 1 टनाचा छोटा गॅस प्लांट जरूर जोडावा; त्या अन्नात हार नसतात. गॅस वापरणारं स्वयंपाकघर मात्र भिंतीला भिंत लागून हवं, नाहीतर तो जाळून टाकावा लागतो. माथेरानसारख्या डोंगरावर, जिथे सपाट जागा नाही आणि हॉटेलंच जास्त, तिथे मीही गॅसच निवडला असता.

डीपीआरवर सही होण्याआधी एक काम मुकादमाला सोबत घेऊन करावं. तीन वेगवेगळ्या दिवशी घंटागाडीतला ओला भाग ताडपत्रीवर ओतून 100 किलो मोजून घ्यावा. हातमोजे घालून दोरा, चिंध्या, प्लॅस्टिक, काच वेगळं करून वजन करावं. 5 किलोच्या वर गेलं तर 8 टनांच्या गॅस प्लांटचा प्रस्ताव सध्या बाजूला ठेवावा. आणि त्या तीन दिवसांतला एक दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा असावा.