विणलेल्या सालावर विश्वास ठेवला

२०१७ च्या एप्रिलमध्ये इस्फहानला नक्श-ए-जहान चौकालगतच्या बाजारात मी साधारण तीन बाय पाच फुटांचा रेशमी गालिचा घेतला. 'कोम शहरात विणलेला, सव्वाशे वर्षांचा' असं सांगून तो मला २,६०० डॉलरना विकला. पैसे रोख मोजले, कारण इराणमध्ये परदेशी कार्डं चालत नाहीत. म्हणजे पुढे बँकेकडे दाद मागायचीही सोय उरली नाही.

मला भुरळ पडली ती किनारीत विणलेल्या सालाची. दुकानदाराने बोट ठेवून वाचून दाखवलं, १३१०. चांद्र हिजरी पंचांगाने १३१० म्हणजे १८९२. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला अर्दबीलचा गालिचा मी पाहिला होता. त्यावर मकसूद काशानीचं नाव आणि हिजरी ९४६, म्हणजे १५३९-४०, हे साल विणलेलं आहे. तेव्हापासून मनात पक्कं होतं की कागदावर काहीही लिहिता येईल, गाठींत विणलेलं खोटं नसतं.

दोन वर्षांनी काठ उसवला म्हणून पुण्यातल्या एका काश्मिरी रफूगराला बोलावलं. त्याने आधी गालिचा उलटा केला. जुन्या गालिच्याची पाठ वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत होते, याच्या गाठी अजून टपोऱ्या होत्या. मग बोटांनी लव फाकवली. टोकाला रंग फिकट, मुळाशी कोरा करकरीत, आणि मध्ये रेघ ओढल्यासारखी सीमा. उन्हाने रंग हळूहळू उतरत जातो. असा एकदम तुटत नाही, हे रासायनिक धुलाईचं काम. झालरीचा तपकिरीपणा चहाच्या पाण्याचा. एक धागा जाळून पाहिला तर केसांसारखा वास आला, राख चुरली. रेशीम तरी खरं होतं. नकली असतं तर जळक्या कागदाचा वास आला असता.

शेवटी त्याने सालावर भिंग धरलं. फारसी सात म्हणजे खाली जुळणाऱ्या दोन तिरक्या रेघा, आणि एक म्हणजे एकच रेघ. साताची एक रेघ उपटून तिथे किनारीच्या पार्श्वभूमीच्या रंगाच्या नव्या गाठी भरल्या होत्या. मूळ साल १३७०, इराणच्या सौर पंचांगाचं. म्हणजे १९९१.

खरं तर भिंगाचीही गरज नव्हती. कोममध्ये गालिचे विणण्याचा उद्योग सुरू झाला तोच १९३० च्या दशकात, काशानच्या व्यापाऱ्यांमुळे. आणि सौर हिजरी पंचांग तिथे १९२५ पासून सरकारी आहे, तेव्हा कोमच्या गालिच्यावरचं १३१० फार तर १९३१ ठरलं असतं. एवढं ठाऊक असतं तर मी चहाचा पेला ठेवून उठले असते. पावतीवर फारसीत फक्त 'हातविणीचा गालिचा' आणि रक्कम होती. गाव नाही, वय नाही, रेशमाचा उल्लेख नाही. घेणार असाल तर हे तिन्ही लिहून घ्या, आणि साल कुठल्या पंचांगाचं तेही. दुकानदार लिहायला कां-कूं करू लागला तर पैसे बाहेर काढू नका.

दुकानदाराला फोटो पाठवले. त्याने ते पाहिले, उत्तर दिलं नाही.

पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते त्या विणणारीचं. कितीतरी महिने मागापुढे बसून तिने गाठ गाठ करत खरं साल लिहिलं होतं, आणि कुणीतरी ते चिमट्याने उपटलं.

काठ शिवून झाल्यावर मी रफूगराला ती काढलेली रेघही परत भरायला सांगितली. नखाएवढ्या तुकड्यासाठी रेशमाचा रंग जुळवायला त्याला चार दिवस लागले. आता तिथे १३७० आहे.